जी वर्गाची शेवटची ओळ

निर्मल,

तुझी बातमी मी लिहिली नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी तुझ्या भावाने, अशोकभाऊंनी, फोन करून दीडशे शब्द मागितले. म्हणाले, ताई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार. चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी निधनाच्या बातम्या केल्या. वय, गाव, हुद्दा, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी ‘निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक’ एवढं लिहून मी थांबले ते थांबलेच. शेवटी दुसऱ्या कोणीतरी लिहिली. त्यात तुला विमान कंपनीतली अधिकारी केलं आहे. तू ते कात्रण मला पाठवून खाली फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं असतंस.

आज अठरावा दिवस. मधल्या दिवसांत या मजकुराचे चार मसुदे झाले. चारही नीट होते, म्हणून फाडले. त्यांत तू होतीस, जुन्नर होतं, मैत्री होती, आणि जे सांगायला मी बसले होते ते नव्हतं. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायला तू असताना माझ्याकडे सोळा दिवस होते. क्रमाने सांगते, मला दुसरी पद्धत येत नाही.

निवृत्त होऊन तू जुन्नरला परत आलीस तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ताई जरा विसावा घेतील. तू दोन महिन्यांत अशोकभाऊंच्या कापड दुकानाची माडी मागून घेतलीस. दुकान बंद असतं त्या दिवशी तिथे वर्ग. विद्यार्थी नऊ, सगळे जुन्नर-आंबेगावचे, शेतावर ड्रोन उडवणारे किंवा उडवू पाहणारे. मी चारशे शब्दांच्या बातमीसाठी आले होते. तू म्हणालीस, बस, पण वही मिट. तुला लिहिता येतं हे कॉलेजपासून माहीत आहे, ऐकता येतं का ते बघू.

पहिल्याच दिवशी, तू हवाई हद्दीचे ए ते जी असे सात वर्ग सांगायला घेतलेस तेव्हा, राजुरीच्या संगीताने तुला अडवलं. बचतगटाचे फवारणीचे आणि फोटोचे ड्रोन तीच चालवते. सरकारी ड्रोन-नकाशातलं हिरवं, पिवळं, लाल तिला पाठ होतं. हिरव्यात उडवायचं, पिवळ्यात विचारायचं, लालमध्ये जायचं नाही. ती म्हणाली, “मॅडम, रंग आमाला कळत्यात. हे ए-बी-सी-डी शाळेत झालंय की.” माडी हसली. तूही हसलीस, आणि मग म्हणालीस की रंग फक्त एवढंच सांगतात, तुझं यंत्र कुठे चालेल. वर आणखी कोण आहे आणि त्यांना कोण सांभाळतंय, हे अक्षरं सांगतात.

मग तो नकाशा. तू हाताने काढलेला, झेरॉक्स करून प्रत्येकाला दिलेला. ओझर, राजुरी, नारायणगाव, धरणं, पश्चिमेला आहुप्याचा कडा. सात अक्षरं फळ्यावर लिहून तू एकेका ओळीत त्यांचा अर्थ सांगितलास आणि म्हणालीस, आता तुम्हाला वाटतं तसं भरा. वीस मिनिटं कोणी मान वर केली नाही. आहुप्याचा हिरामण कड्यावर पाहुण्यांना फिरवतो. त्याने देवराईवर ए लिहिला, सगळ्यांत कडक. संगीताने ओझरच्या गणपतीवर डी लिहिला, कारण चतुर्थीला गर्दी. धरणांवर बी, बागायतीवर सी, गायरानावर जी. मी वही मिटली होती, तरी एक नकाशा घेतला होता. माझ्याही देवराईवर ए होता.

तू दहाही कागद गादीवर ओळीने मांडलेस, बराच वेळ बघितलेस आणि म्हणालीस, “तुम्ही सगळ्यांनी सातबारा वर पाठवलात.”

हिरामण मागे हटला नाही. “मॅडम, तितलं वाळलं पान उचलायचं तरी इचारावं लागतं. मंग वरून जायचं तर नको का इचाराया?”

तू त्याला चूक म्हणाली नाहीस. तू खाली दुकानात गेलीस आणि दोन्ही हातांवर कापडाचे तागे घेऊन आलीस. खाली मांजरपाट ठेवलास. हा जी, जमिनीपासून सुरू. त्यावर पॉपलीन, त्यावर सुटिंगचा तागा. आहुप्याच्या एकाच गुंठ्यावर हे सगळे एकावर एक आहेत, म्हणालीस. देवराईच्या झाडांवर मांजरपाट आहे. त्याच्या बऱ्याच वरून मुंबईकडे जाणारं विमान सुटिंगमधून जातं, आणि ते कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असतं. उताऱ्याला उंची नसते. इथे उंचीच सगळं आहे. खालची जमीन कोणाची, पवित्र की पडीक, हे वर्ग विचारत नाही. वर्ग एकच विचारतो, कोणाला कोणापासून दूर ठेवायची जबाबदारी कोणाची.

मग तू सात अक्षरं पुन्हा घेतलीस, आणि या वेळी ती मला समजली. ए मध्ये नियंत्रक प्रत्येकाला प्रत्येकापासून दूर ठेवतो. अक्षरं पुढे सरकतात तशी जबाबदारी थोडी थोडी वैमानिकाकडे जाते. डी मध्ये उपकरणांवर उडणाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, नजरेने उडणाऱ्यांची फक्त खबर देतात. जी मध्ये खबर, तीही देता आली तर. आपल्या देशात सातांतली काही अक्षरं वापरातच नाहीत, तरी तू सातही शिकवलीस. पायऱ्या गाळल्या तर शेवटची किती खाली आहे ते कळत नाही, असं तुझं म्हणणं.

संगीता तेव्हा म्हणाली, “म्हंजी आमच्या वर कुनीच न्हाई.”

“कुणीच नाही.”

“मंग तसं सांगा की सरळ. लई येळ लावला.”

त्या एका दुपारसाठी मी तुझी ऋणी आहे. इतकी वर्षं मी ‘हवाई हद्द’ हा शब्द बातम्यांत लिहीत आले, आणि माझ्या डोक्यात ती कुंपण घातलेली जागा होती. तुझ्यामुळे कळलं की ती माणसांमधली वाटणी आहे. तू लगेच दम दिला होतास, शकू, आता आकाशावरून आयुष्यावर घसरू नकोस. घसरणार नाही. पण एक आठवण त्या ताकिदीत बसत नाही, ती लिहितेच. पूर्वी एकदा, तू नोकरीत असताना, मी नागपूरहून विमानाने येत होते. तुला कळवलं नव्हतं. आठवड्याने भेटलीस तेव्हा मी सहज दिवस-वेळ सांगितली. तू मनाशी हिशेब केलास आणि म्हणालीस, “तू माझ्याकडे अकरा मिनिटं होतीस.” तेवढंच. पुढे चहाचं विचारलंस. मी त्या अकरा मिनिटांत काय करत होते ते आठवायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. बहुधा झोपले होते.

पुस्तिकेची कल्पना तुझी, संपादन माझं. प्रत्येक वर्गाला एक पान, सोपं मराठी, वर चित्र. मला वाटलं होतं, तुझ्या भाषेवर बरंच काम करावं लागेल. उलट झालं. तू माझ्यावर केलंस. मी ‘जवळजवळ’ लिहिलं की तू विचारायचीस, किती? ‘थोडक्यात बचावले’ या मथळ्यावर तुझा जुना राग होता. तुम्ही छापता ना, त्यातलं थोडक्यात म्हणजे किती फूट, ते कधी छापत नाही, म्हणायचीस. मी चिडायचे. तुला वाचक कळत नाही, असं एकदा म्हणालेही. तू म्हणालीस, माझे वाचक वैमानिक होते, तीनशे माणसं घेऊन यायचे, आणि मला चूक परवडत नव्हती. त्यानंतर मी तासभर बोलले नाही आणि तू ते लक्षातसुद्धा घेतलं नाहीस.

जी वर्गाच्या पानावर आपलं खरं भांडण झालं. तू लिहिलं होतंस:

“या वर्गात तुम्हाला कोणीही कोणापासून दूर ठेवणार नाही. तुमचे डोळे पडद्यावर असतील तेव्हा आकाशाकडे बघायला दुसरा माणूस उभा करा. तो नसेल तर उडवू नका.”

मी म्हटलं, पहिलं वाक्य घाबरवणारं आहे. तू म्हणालीस, तो इशारा नाही, वर्णन आहे. मी सुचवलं, ‘हा वर्ग अनियंत्रित असल्याने येथे उड्डाण तुलनेने मोकळेपणाने करता येते.’ तू विचारलंस, तुलनेने म्हणजे कशाच्या? आणि मोकळं कोण म्हणालं? नियंत्रक नसतो म्हणजे बाकीच्या परवानग्या नसतात असं नाही. आपण तिथेच थांबलो. पुढच्या भेटीत बघू, असं ठरलं.

पुढच्या भेटीच्या आधी वर्गाला जी चं पान हवं होतं, कारण संगीताला दुसऱ्या दिवसापासून उसाचे फोटो घ्यायचं काम मिळालं होतं. ते पान तयार करून पाठवायचं काम तू माझ्यावर सोपवलंस. मी संगणकावर जुळवलं तर मजकूर दोन ओळींनी दुसऱ्या पानावर जात होता. डेस्कवर अशा वेळी काय करायचं, ते हाताला माहीत असतं. बातमी अशी लिहिलेली असते की सगळ्यात महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. वाचावंही लागत नाही. मी खालून दोन वाक्यं कापली. आणि हात चालूच होता, म्हणून पहिल्या वाक्याच्या जागी माझं घातलं. डेस्कवर लेखकाला विचारायची पद्धत नसते. तुलाही विचारलं नाही. नऊ जणांच्या फोनवर पान गेलं. तुला पाठवायचं राहिलं.

तू बातमीसारखं लिहीत नव्हतीस, निर्मल. तू सगळ्यात महत्त्वाचं शेवटी ठेवायचीस, कारण ऐकणाऱ्याच्या कानात शेवटचं राहतं. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. सहा पानं मी त्याच पद्धतीची तपासली होती.

पुढचं तुला माहीत आहे, पण कारणासकट माहीत नाही. राजुरीला उसाच्या फडावर संगीता एकटीच उभी होती. ड्रोन साठ मीटरवर, नजर पडद्यावर. जवळच्या गावात कोणा नेत्याचा कार्यक्रम होता आणि त्याचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरायला खाली आलं. ऊसतोडणीच्या बाया ओरडल्या, तेव्हा तिने वर पाहिलं. तिने ड्रोन सरळ खाली घेतला. तो उसात पडला, दोन पाती तुटली. हेलिकॉप्टर पुढे गेलं. त्यातल्या कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. अंतर किती होतं, हे कोणालाही सांगता आलं नाही. मी ‘थोडक्यात’ लिहीत नाही.

त्या दुपारी तुझा फोन आला. आवाज नेहमीसारखा सपाट होता. तू विचारलंस, संगीताने वर बघायला माणूस का ठेवला नाही? मी लिहिलं होतं ना पानावर?

मी म्हणाले, “वाचलं नसेल.”

दोन शब्द. मी ते विचार करून म्हटले नाहीत, पण म्हटल्यावर मागेही घेतले नाहीत. फोन आणखी तीन-चार मिनिटं चालला. तेवढा वेळ मला होता.

पुढच्या वर्गात तू संगीताला सगळ्यांसमोर उभं केलंस. ओरडली नाहीस. म्हणालीस, दिलेलं पान न वाचता जो उडवतो, त्याच्या हातात यंत्र द्यायला मी तयार नाही. पुन्हा पहिल्यापासून शिक, तोवर उडवायचं नाही. संगीता एकदा माझ्याकडे बघून खाली बसली. मी नेहमीच्या जागी, जिन्याजवळ, मिटलेली वही मांडीवर घेऊन होते. तिच्याकडे कामासाठी थांबलेले शेतकरी तिने दुसऱ्या गावच्या ड्रोनवाल्याकडे पाठवले, हे मला नंतर कळलं.

तू जाण्याच्या चार दिवस आधी मी जुन्नरला आले, ते सांगायलाच आले होते. एसटीत वाक्य ठरवलं होतं: ‘जीच्या पानावरची ओळ मी कापली.’ पाच शब्द, त्यात ‘मी’ होता. घरात शिरले तर तू स्वयंपाकघरात, सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून घाईत. म्हणालीस, जे काही आहे ते जेवल्यावर, आधी ताटावर बस, उजेड चाललाय. आपण कढी-खिचडी खाल्ली. तू ई वर्गाच्या चित्राबद्दल बोलत होतीस. ताटं उचलली तोवर अशोकभाऊ कोणा पाहुण्यांना घेऊन आले, आणि शेवटची गाडी सहा पन्नासची होती. दारात तू विचारलंस, काही सांगायचं होतं ना? मी म्हटलं, पुढच्या वेळी. तू म्हणालीस, फोनवर सांग, नाहीतर विसरशील.

मी विसरले नव्हते. चार दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. पाचव्या दिवशी फोन अशोकभाऊंचा आला.

उठावण्याच्या शोकसभेला नऊही जण आले होते. संगीताने पुढे होऊन नमस्कार केला आणि मागे जाऊन बसली. मला वाटलं, इथेच सांगावं. मग वाटलं, ही जागा नव्हे. ज्यांना सांगायचं नसतं त्यांना कुठलीच जागा योग्य वाटत नाही. त्यानंतर दहा दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. पुण्यातल्या घरात मी कपाटं लावली, पुन्हा लावली. प्रेसवाल्याचा निरोप होता, पुस्तिकेची शेवटची प्रत कधी पाठवताय. सहा पानं तयार होती. सातव्याला मी हात लावत नव्हते.

परवा, दुकान बंद होतं त्या दिवशी, जुन्नरला गेले. अशोकभाऊंनी माडी उघडून दिली. सगळे आले होते. मी तुझ्या हस्ताक्षरातलं जी चं पान आणि मी पाठवलेलं, दोन्ही वाचून दाखवली. मग सांगितलं. काय कापलं, का कापलं, तुला फोनवर काय म्हणाले. एकूण दोन मिनिटं लागली. हिरामणने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

संगीता म्हणाली, “मला म्हाईत व्हतं.”

मी विचारलं, कधीपासून. तर मॅडम बोलल्या त्याच दिवसापासून. घरी जाऊन तिने ते पान तीनदा वाचलं. त्यात माणूस उभा करायचं कुठे नव्हतं. मॅडम एवढ्या खात्रीने म्हणतात म्हणजे त्यांनी लिहिलं असणार, मग मधे कोण होतं, एवढाच प्रश्न होता, आणि मधे एकच जण होतं. मी म्हटलं, मग तिला सांगितलं का नाहीस?

“तुमी त्यांच्या मैत्रीण. म्या सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. म्हनलं, ताई सांगतील. दोन वर्ग वाट बघितली.” मग ती म्हणाली, “मॅडम मला न वाचनारी समजून गेल्या, तेवढं काय बरं झालं न्हाई.”

तू तिच्याबद्दल चुकीचं मत घेऊन गेलीस, आणि ते मत मी दिलेलं होतं. तुझ्या सगळ्या कारकिर्दीत तुला चुकीची माहिती देणारा माणूस किती धोक्याचा असतो, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस.

आधीच फोनवर गेलेल्या पानासाठी दुरुस्ती द्यायची ठरली. ती मी तिथेच लिहायला घेतली. अशा दुरुस्त्या मी शेकड्याने केल्या आहेत. लिहिलं: ‘जी वर्गाच्या पानावरील शेवटचा मजकूर नजरचुकीने छापायचा राहून गेला.’ संगीताने कागद ओढून वाचला.

“राहून न्हाई गेला,” ती म्हणाली. “कापला. कुनी कापला त्ये लिवा.”

मी खोडून लिहिलं: ‘मूळ मजकूर निर्मलबाईंनी बरोबर लिहिला होता. मी तो बदलला आणि शेवटची ओळ कापली. संगीताने पान वाचलं होतं.’ खाली नाव लिहिलं. नऊ फोनवर ते गेलं. पुस्तिकेत तुझं पान जसंच्या तसं जाईल. दोन ओळी जास्त होतात म्हणून चित्र लहान केलं आहे. पहिलं वाक्य मला अजूनही कठोर वाटतं. त्यावर तुझ्याशी आणखी भांडले असते आणि हरले असते असं आता तरी वाटतं, पण तू नाहीस म्हणून हार मान्य करणं हा फसवा सोपेपणा आहे. ते वाद म्हणून शिल्लक राहू दे.

आज सकाळी संगीताने राजुरीला बोलावलं. पाती बदलून आणली होती, उसाचे राहिलेले फोटो घ्यायचे होते. नकाशा बघून झाला, हिरवा होता. कार्यक्रम कुठे आहे का, हेलिकॉप्टर यायचंय का, हे तिने ग्रामपंचायतीत आणि चौकीत फोन करून विचारलं. मग बांधावर एक जागा दाखवून मला म्हणाली, ताई, तुमी इथं. मी पडद्यात बघनार, तुमी वर बघायचं. खाली बघायचं न्हाई, वहीत तर मुळीच न्हाई.

ड्रोन वर गेला. ठिपक्याएवढा झाला. मी आकाश डावीकडून उजवीकडे बघत गेले, मग उजवीकडून डावीकडे. डोळ्यांना पाणी येत होतं, पण मान खाली घालता येत नव्हती. एक घार होती. खूप वर एका विमानाची रेघ होती. मी विचारलं, काही दिसलं तर नेमकं काय म्हणायचं?

संगीताने पडद्यावरून नजर न हलवता सांगितलं, “जे दिसंल त्ये. लगीच.”

मी म्हणाले, “घार. ओझरच्या बाजूला. ड्रोनच्या खाली.”

“बरं,” ती म्हणाली. “बघत ऱ्हावा.”